नव्वदला बरोबर, साडेबावीसला चूक: धायरीच्या वर्कशॉपमधल्या एका डिजिटल अँगल गेजचं प्रकरण

काम तसं काही फार अवघड नव्हतं. बाणेरला एका ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये मधोमध गोल आरसीसी कॉलम आलाय, ३०० मिमी व्यासाचा, आणि आर्किटेक्टला तो झाकून अष्टकोनी करून हवा होता, १९ मिमी प्लायवर सागाचं व्हिनियर, उंची सात फूट. म्हणजे आठ पट्ट्या, प्रत्येक १५० मिमी रुंद, आणि प्रत्येकीच्या दोन्ही कडांना साडेबावीस डिग्रीचा तिरका काप. आठ पट्ट्या कडेला कड लावून गुंडाळल्या की अष्टकोन तयार, आत ३२४ मिमी मोकळी जागा राहते, कॉलम आरामात बसतो. काम माझ्या मावसभावाकडे होतं, धायरीत त्याचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो.

पट्ट्या कापून झाल्या, बाहेरून मास्किंग टेप लावून जोडून बघितल्या तर सात जोड एकदम टाइट आणि आठवा तोंड वासून उभा, बाहेरच्या कोपऱ्याला चांगली १४ मिमी फट. रॅचेट बेल्ट लावून आवळलं तर ती फट बंद झाली पण मग सगळ्याच जोडांना बाहेरच्या बाजूने बारीक काळी रेघ दिसायला लागली, आतून लागलेले आणि बाहेरून उघडे. साध्या प्लायला पुट्टी भरून रंग मारला असता तर कुणाला कळलंही नसतं, पण इथे वर सागाचं व्हिनियर आणि पॉलिश.

मग मला फोन. मी भोसरीत एका टूलरूममध्ये क्वालिटीला आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक मोजमापाच्या भांडणात मला पंच म्हणून बोलावतात. "अरे, माझं ते डिजिटल गेज गंडलंय वाटतं. नाहीतर मशीन गंडलंय. नाहीतर मिस्त्री." मिस्त्री शेजारीच उभे होते, तेही ऐकत होते, आणि त्यांनी मागून सांगितलं की मशीनचं आणि माझं काही नाही हो, त्या डबीचंच आहे. (डबी म्हणजे तेच गेज, तळाला मॅग्नेट असलेली, जिथे चिकटवाल तिथला कल डिग्रीत दाखवणारी.)

पण गंमत अशी की दादा स्वतःच लगेच डबीची बाजू घ्यायला लागला. कारण त्याने चेक केलं होतं. टेबल सॉच्या (टेबलातून वर आलेलं गोल ब्लेड असलेलं कापायचं मशीन) टेबलवर गेज ठेवून झिरो केलं, ब्लेड सरळ उभं करून त्याला चिकटवलं, ९०.०० दाखवलं, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघितला, उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. मग त्याचं म्हणणं असं की नव्वदला इतकं बरोबर दाखवतंय तर मधल्या अँगलला का चुकेल? हाच प्रश्न या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे, कारण नव्वदला बरोबर दाखवणं हा या गेजचा सगळ्यात सोपा पेपर आहे, त्यात ते जवळपास कधीच नापास होत नाही.

आधी फटीचा हिशोब

गेजला हात लावायच्या आधी फटीचा हिशोब केला, कारण ती १४ मिमी फट म्हणजेच एक मोजमाप आहे आणि फार बारीक मोजमाप आहे, फक्त वाचता यायला हवं.

आठ पट्ट्यांच्या सोळा कडा. सोळा गुणिले साडेबावीस म्हणजे ३६०, तेव्हाच वर्तुळ पूर्ण होतं. प्रत्येक काप थोडा कमी तिरका पडला की प्रत्येक जोड दुप्पट कमी वळतो, आणि सात जोड टाइट लावत गेलात की ती सगळी उणीव साठत साठत शेवटच्या जोडाला येऊन बाहेर पडते. १५० मिमी रुंदीच्या अष्टकोनाला हिशोब असा येतो की एका कापातली ०.१ डिग्रीची चूक शेवटच्या जोडाला साधारण साडेपाच मिमी फट देते. म्हणजे १४ मिमी फटीवरून काप साधारण पाव डिग्रीने चुकलाय, साडेबावीसच्या जागी सव्वाबावीस पडलाय.

कमीच पडलाय हे कशावरून? फट बाहेरून आहे यावरून. काप कमी तिरका असला की आतल्या कडा आधी एकमेकींना भिडतात आणि बाहेरची बाजू उघडी राहते, जास्त तिरका असला की बाहेरून बंद आणि आतून उघडा. मिस्त्रींना हे गणित न करता माहीत होतं, ते म्हणाले आमचे वडील असल्या कामाला केसभर जास्तच तिरकं मारायचे, आत काय झालंय ते कोण बघतंय. बरोबरच आहे. आणि आपल्या सुदैवाने चूक कमी तिरक्याची होती म्हणजे माल फुकट गेला नव्हता, परत हलका काप मारून पट्ट्या वाचणार होत्या, रुंदी एखादा मिलिमीटर कमी झाली तरी कॉलम आत बसत होता. व्हिनियरच्या आठ पट्ट्या टिंबर मार्केटातून परत आणायच्या नाहीत म्हटल्यावर दादाचा आवाज एकदम खाली आला.

तर आता पाव डिग्री शोधायची होती. गेजचा डिस्प्ले ०.०५ च्या पायरीने बदलतो, दोन दशांश स्थळं दाखवतो, म्हणून दादाला वाटत होतं की हे ०.०५ पर्यंत अचूक आहे. डिस्प्ले किती बारीक दाखवतो आणि त्यातलं किती खरं असतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतंच, ० आणि ९० ला ±०.१, बाकी अँगलला ±०.२. असल्या डबीसारख्या स्वस्त गेजांवर साधारण असंच काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. सोबत "कॅलिब्रेटेड" असा छापील कागदही होता, ज्याच्यावर ना गेजचा नंबर ना एकही रीडिंग. एनएबीएल (टेस्टिंग आणि कॅलिब्रेशन लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबचं सर्टिफिकेट तुम्ही बघितलं असेल तर त्यात कुठल्या अँगलला गेजने किती दाखवलं आणि त्या मोजणीतली अनिश्चितता किती हे सगळं लिहिलेलं असतं. हा कागद म्हणजे अभिनंदनाचं कार्ड होतं.

धायरीतच केलेल्या टेस्ट

पहिली टेस्ट सगळ्यांना जमण्यासारखी आहे, गवंडी लेव्हल बॉटल उलटी करून बघतो तीच. गेज अॅब्सोल्यूट मोडला टाकलं, म्हणजे झिरो बटण न दाबता, टेबल सॉच्या टेबलवर ठेवलं, बाजूला पेन्सिलने रेघ मारली, रीडिंग आलं +०.३५. मग त्याच जागी, त्याच रेघेला लावून १८० डिग्री फिरवलं, रीडिंग −०.२५. (बऱ्याच गेजना प्लस मायनस नसतं, बाण असतो, एक बाण प्लस धरायचा आणि दुसरा मायनस.) दोघांची बेरीज करून निम्मं केलं की गेजची स्वतःची चूक, ०.०५. दोघांमधला फरक निम्मा केला की टेबलचा खरा उतार, ०.३०. यासाठी लेव्हलमध्ये असलेलं काहीही लागत नाही हीच याची मजा आहे, वाकड्या टेबलवर सुद्धा गेज आपली चूक स्वतः कबूल करतं.

म्हणजे टेबल मीटरला पाच मिमी उतारावर आहे. दादा लगेच पाचर शोधायला निघाला, त्याला थांबवलं. टेबल लेव्हलला नसलं तरी कापाला काही फरक पडत नाही कारण आपल्याला ब्लेड आणि टेबल यांच्यातला अँगल हवाय, जमिनीशी आपलं काही देणंघेणं नाही. त्यासाठीच झिरो बटण आहे. टेबलवर झिरो दाबलं की टेबलचा उतारही वजा झाला आणि गेजची ती ०.०५ ची चूकही. फक्त एक अट, झिरो करताना डिस्प्लेचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच दिशेला तोंड ठेवून ब्लेडला लावायचं. उलटं लावलं तर उताराचं ०.३० वजा व्हायच्या ऐवजी दुप्पट होऊन मानगुटीवर बसतं. दादाकडे दोन्ही वेळेला तोंड पुढेच होतं, म्हणजे हा संशयित सुटला.

मग उचलून परत ठेवायची टेस्ट, एकाच जागी गेज परत परत ठेवून बघितलं, ०.०५ च्या वर हललं नाही. पण त्याआधी मॅग्नेट पुसावं लागलं. लाकडाच्या वर्कशॉपमध्ये मॅग्नेटवर भुसा बसतोच आणि ग्राइंडिंग शेजारी होत असेल तर लोखंडाची भुकटी तर अशी चिकटते की कापडाने निघत नाही, सेलोटेप लावून ओढावी लागते. गेजचा तळ सहा सेंटीमीटर, त्याच्या एका टोकाखाली ०.१ मिमीचा कण आला तर ०.१ डिग्री गेली. हाताने चाचपडून तो कण कळत सुद्धा नाही.

भाच्याने मध्येच मोबाइलचं लेव्हल ॲप काढून ठेवलं ब्लेडजवळ, कॅमेऱ्याचा फुगवटा असलेला फोन, कव्हरसकट. त्याला चहा सांगायला पाठवलं.

भोसरीत

गेज घेऊन मी दुसऱ्या दिवशी कंपनीत आलो (नवले पुलाच्या ट्रॅफिकबद्दल काही लिहीत नाही). आमच्या मेजरिंग रूमला तापमान २० डिग्री सेल्सियस ठेवलेलं असतं, लांबी-रुंदीच्या मोजमापाचं जगभर तेच ठरलेलं तापमान आहे, तिथे गेज तासभर नुसतं पडू दिलं. पत्र्याच्या शेडमधून आलेलं गेज लगेच मोजायला घेऊ नये, आतली चिप तापमानाने सरकते.

ही चिप काय असते ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते ती ज्याच्यामुळे, त्याच जातीचा अॅक्सेलरोमीटर. आत सिलिकॉनचा एक अगदी सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म पट्ट्यांवर लोंबकळत असतो, गुरुत्वाकर्षणाने तो किंचित सरकतो आणि किती सरकला ते कपॅसिटन्सच्या (विद्युतभार साठवायच्या क्षमतेच्या) बदलावरून कळतं. गेजमध्ये याचे दोन अक्ष वापरतात, एक तळाला समांतर आणि एक काटकोनात. दोन्हीकडे गुरुत्वाकर्षण किती किती वाटलं गेलं त्याच्या गुणोत्तरावरून अँगल काढतात. गेजला पृथ्वी कुठल्या दिशेला ओढतेय एवढंच कळतं, बाकी काहीही नाही.

आता समजा एक अक्ष दुसऱ्यापेक्षा अर्धा टक्का जास्त दाखवतोय. सपाट ठेवलं तर सगळं गुरुत्वाकर्षण एकाच अक्षावर आणि दुसरा शून्य, शून्याला अर्ध्या टक्क्याने गुणलं तरी शून्यच, गेज बरोबर दाखवणार. उभं केलं तर तेच उलट, परत बरोबर. चूक फक्त मध्ये दिसते, ४५ ला सगळ्यात जास्त, आणि अर्ध्या टक्क्याच्या फरकाला ती ४५ वर ०.१४ डिग्री होते. दादाने गेज नेमकं ० आणि ९० ला तपासलं होतं, जिथे ही चूक लपलेली असते.

टेस्टला २०० मिमीचा साइन बार घेतला. साइन बार म्हणजे दोन सारखे रोलर बरोबर २०० मिमी अंतरावर बसवलेली पट्टी, एक रोलर सरफेस प्लेटवर (मोजणीसाठीचं अगदी सपाट टेबल) आणि दुसऱ्याखाली स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) रचायचे, उंची भागिले २०० म्हणजे अँगलचा साइन. २२.५ डिग्रीसाठी ७६.५३७ मिमी, ३० साठी बरोबर १००, ४५ साठी १४१.४२१. ४५ च्या वर चढत गेलं की साइन बारचा भरवसा कमी होत जातो, उंचीत थोडी चूक झाली तरी अँगल फार हलतो, म्हणून ६७.५ साठी (ब्लेड टेबलशी ६७.५ वर असलं की काप साडेबावीसचा पडतो) साइन बार २२.५ वरच ठेवला आणि त्याच्यावर काटकोनात ग्राइंड केलेला स्टीलचा ब्लॉक ठेवून त्याच्या उभ्या अंगाला गेज चिकटवलं.

सरफेस प्लेटवर झिरो करून रीडिंग आली ती अशी: २२.५ ला २२.४०, ३० ला २९.९०, ४५ ला ४४.८५, ६७.५ ला ६७.४०. आणि ब्लॉक सरळ प्लेटवर ठेवून ९० ला ९०.००. म्हणजे पुस्तकात दाखवावं तसं, दोन्ही टोकांना बरोबर आणि मध्ये पोट. खोक्यावरच्या ±०.२ च्या आतच आहे, त्यामुळे दुकानदाराला परत करायचं म्हटलं तरी तोंड नाही.

दादाची पद्धत अशी होती की टेबलवर झिरो, ब्लेड उभं असताना ९०, आणि मग ते कलवत कलवत ६७.५० पर्यंत आणायचं. गेज ०.१ कमी दाखवतंय म्हणजे ६७.५० दाखवताना ब्लेड खरं ६७.६० वर असणार, म्हणजे काप साडेबावीसच्या जागी २२.४०. दिशा बरोबर जुळली. पण ही ०.१ च, साडेपाच मिमीची फट. उरलेले साडेआठ मिमी कुठून आले?

ब्लेडला लावलेलं वाकडं गेज

हे सापडलं ते परत धायरीत जाऊन मिस्त्रींना परत तसंच सेटिंग करायला लावलं तेव्हा. मी काही बोललो नाही, नुसता बघत होतो. त्यांनी ब्लेड पूर्ण वर काढलं, गेज कार्बाइडच्या दातांना न लागता मधल्या पत्र्यावर बसवलं (हे बरोबर, दात पत्र्यापेक्षा जाड असतात, दातावर टेकलं की गेलं), आणि कल द्यायचं चक्र मशीनच्या बाजूला खाली असतं म्हणून ते तिथे उकिडवे बसले. तिथून डिस्प्ले नीट दिसेना. मग हात वर करून त्यांनी गेज ब्लेडवरच थोडं आपल्याकडे फिरवलं. इतकंच. गोल ब्लेडला सरळ कड कुठेच नसते त्यामुळे गेज फिरलंय हे डोळ्याला कळत नाही, सहा सेंटीमीटरच्या डबीला सात डिग्री फिरवलं तर एक टोक सात-आठ मिमी सरकतं, बस.

अँगल मोजायचा तो ब्लेडच्या सगळ्यात तीव्र उताराच्या रेषेवर. गेज त्या रेषेवरून फिरलं की ते थोड्या सौम्य उताराची रेषा मोजतं, घाटात सरळ चढण्यापेक्षा तिरकं चढलं की चढ कमी लागतो तसं. ६७.५ च्या उतारावर गेज ५ डिग्री फिरलं तर रीडिंग ०.०८ ने कमी, ७ ला ०.१५ ने आणि १० ला ०.३१ ने. आणि उभ्या ब्लेडवर, म्हणजे ९० ला? काहीच नाही. दोन अक्षांचं गेज उभ्या पत्र्यावर असं थोडंफार फिरवलं तरी ते ९०च दाखवतं. म्हणजे हा दुसरा चोरसुद्धा नव्वदच्या टेस्टमध्ये सापडण्यासारखा नव्हता. खात्री म्हणून मी नंतर साइन बारवरच्या ब्लॉकला मुद्दाम साधारण तेवढंच वाकडं लावून बघितलं, ६७.४० चं ६७.२५ झालं.

०.१० गेजची आणि ०.१५ वाकडं लावल्याची, दोन्ही एकाच दिशेला, मिळून पाव डिग्री. १४ मिमीचा हिशोब लागला.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाकडं लावल्याची चूक नेहमी कमीच दाखवते, डावीकडे फिरवा नाहीतर उजवीकडे. म्हणून चारपाच रीडिंग घेऊन सरासरी काढायची सवय इथे उपयोगाची नाही, सरासरीही कमीच येणार. करायचं ते उलट आहे, गेज ब्लेडवर हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवायचं आणि जे सगळ्यात मोठं रीडिंग दिसेल ते धरायचं. मिस्त्रींना हे दाखवल्यावर त्यांना पटायला मिनिटसुद्धा लागलं नाही, त्यांनी स्वतः फिरवून आकडा चढताना आणि उतरताना बघितला आणि दादाकडे बघून म्हणाले, बघा शेठ, डबीचंच होतं. मी गप्प बसलो. अर्धं डबीचं होतंच.

मग सेटिंग कसं केलं

गेज बदललं नाही. चूक किती आणि कुठल्या दिशेला हे माहीत असलेलं गेज नवीन न तपासलेल्या गेजपेक्षा बरं, हे माझं मत आहे आणि ते मी कुणाशीही भांडून सांगतो. ६७.५० च्या ऐवजी ६७.४० ला सेट करायचं ठरलं. ब्लेड पुसलं, मॅग्नेट पुसलं, टेबलवर झिरो केलं, सगळ्यात मोठं रीडिंग येईल तसं गेज फिरवून बसवलं. चक्राला थोडा प्ले (मोकळी हालचाल) आहे म्हणून अँगल नेहमी एकाच बाजूने चढवत आणायचा, पुढे गेलं तर बरंच मागे जाऊन परत यायचं. आणि लॉकचा दांडा आवळल्यावर परत रीडिंग बघायचं. आवळल्यावर ते ०.०५ ने सरकलं होतं, बऱ्याच मशीनवर सरकतं, दादाने हे आधी कधी बघितलंच नव्हतं कारण सेट झालं की तो गेज काढून ठेवत होता.

त्यानंतर थेट व्हिनियरच्या पट्ट्यांना हात लावला नाही. साध्या प्लायची सव्वा मीटरची एकच पट्टी घेतली, दोन्ही कडांना काप मारले आणि मग तिचेच आठ तुकडे पाडले, म्हणजे आठही तुकड्यांची रुंदी आपोआप सारखी. टेप लावून गुंडाळलं, शेवटच्या जोडाला बाहेरून दोन मिमीच्या आसपास फट. साडेपाच मिमीला ०.१ या हिशोबाने ही ०.०४ डिग्री झाली, गेजच्या डिस्प्लेची एक पायरीसुद्धा नाही. इथून पुढे गेजचा काही उपयोग नव्हता, चक्र नुसतं हाताने अंगठाभर फिरवलं, दुसरी रिंग कापली, बाहेरून बंद आणि आतून नखाला जाणवेल न जाणवेल एवढी उघडी. मिस्त्रींच्या वडिलांची केसभर. तिथेच लॉक करून खऱ्या पट्ट्यांना हलका काप मारला. असल्या कामात गेजने जवळ जायचं आणि शेवटचा निकाल रिंगकडून घ्यायचा, कारण रिंग सोळा कापांची चूक एका फटीत जमा करून दाखवते आणि तिला बॅटरी लागत नाही.

बाणेरला बसवलेला खांब मी बघून आलो, जोड चांगले बसलेत. खाली स्कर्टिंगला वेगळाच गोंधळ आहे पण तो फरशीवाल्याचा.

ज्यांच्याकडे साइन बार नाही

दादाने नंतर विचारलं की दर वेळी काय भोसरीला यायचं का. नाही. मधल्या अँगलची चूक पकडायला एक युक्ती आहे, तिला स्लिप गेज वगैरे काही लागत नाही, फक्त खात्रीचा काटकोन असलेला लोखंडी ब्लॉक हवा. एक फळी अंदाजे ४५ च्या उतारावर पक्की करायची, नेमका अँगल माहीत असायची गरज नाही. सपाट टेबलवर झिरो करून गेज फळीवर ठेवून रीडिंग घ्यायचं, मग फळीवर तो ब्लॉक ठेवून त्याच्या काटकोनातल्या अंगावर रीडिंग घ्यायचं. दोघांची बेरीज ९० यायला हवी. दादाच्या गेजला ४५ जवळ ती ८९.७० येते, साडेबावीसच्या उतारावर ८९.८०. बेरजेत जेवढं कमी पडलं त्याचं निम्मं म्हणजे त्या अँगलला गेजची चूक. ब्लॉकचा काटकोन आधी तपासून घ्या, नाहीतर त्याची चूक गेजच्या नावावर जाईल.

दुसरं, एक मीटरचा सरळ ॲल्युमिनियम पाइप सपाट टेबलवर एका टोकाने टेकवून दुसरं टोक ३८२.७ मिमी उचललं की २२.५ डिग्री. उंचीत एक मिमी चुकलं तर ०.०६ डिग्रीचा फरक पडतो, म्हणजे नीट मोजलं तर या गेजची चूक त्यात दिसेल.

आणि एक गोष्ट, जी भाचा करायला निघाला होता. आरशाच्या फ्रेमचे ४५ चे कोपरे कापायचे होते तर त्याने गेज माइटर फेन्सवर (लाकूड तिरकं धरायची टेबलवरची फिरती पट्टी) आडवं ठेवून अँगल वाचायला सुरुवात केली. फेन्स आडव्या पातळीत फिरते, गुरुत्वाकर्षणाला त्यातलं काही कळत नाही, गेज जे दाखवेल ते फक्त टेबलच्या उताराचं असेल. तिथे चार तुकड्यांची फ्रेम कापून कोपरा बघायचा किंवा दोन कापलेले तुकडे जोडून गुण्या लावायचा.

दादाने आता गेजच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवलंय, ६७.५ ला ६७.४०, ४५ ला ४४.८५. हे आकडे त्या एका गेजचेच आहेत, दुसऱ्याला लागू करू नका, आणि ते हातातून फरशीवर पडलं तर पुसून टाकून बेरजेची टेस्ट परत करायची असं मी त्याला सांगितलंय. पडलंय म्हणे परवाच, मिस्त्रींच्या हातून. टेस्ट अजून व्हायचीय.